राखणीचं स्टूल

आमच्या वर्कशॉपमध्ये लेझर कटरच्या उजव्या अंगाला सागवानी तुकड्यांचं एक स्टूल आहे. मशीन चालू असताना ज्याचं काम लागलंय त्याने त्यावर बसायचं आणि मशीन थांबेपर्यंत उठायचं नाही, एवढाच नियम. बाकीचे सोळा नियम लॅमिनेट करून भिंतीवर लावलेत, ते कोणी वाचत नाही.

नवीन माणसाला हे बसणं पटत नाही. मशीन आपलं आपण कापतंय, मग मी इथे बसून करू काय? आमच्या अण्णांनीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. त्या दिवशी आकाशकंदिलाची जाळी कापली जात होती. त्यांनी झाकणातून बराच वेळ पाहिलं, कापलेला तुकडा नखाने तपासला, वास घेतला आणि म्हणाले, "यात तुझं काम काय रे?" मी पॉवर, स्पीड असलं काहीबाही सांगत बसलो. त्यांनी मान हलवली. समजल्याची नव्हती ती.

या मशीनची पहिली अडचण अशी की जे कापतं ते दिसत नाही. करवतीचे दात दिसतात, पटाशीची धार दिसते. इथे सव्वा मीटरची काचेची नळी, तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम, टोकांना हजारो व्होल्ट. तिच्यातून निघालेला किरण तीन आरशांवर वळतो आणि झिंक सेलेनाइडच्या लेन्समधून खाली उतरतो. तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या आवाक्याबाहेरची. शीटवर फिरताना दिसतो तो लाल ठिपका निराळ्या, किरकोळ डायोडचा, जागा दाखवण्यापुरता. तो विझला म्हणजे लेझर बंद, असं समजणारी शहाणी माणसं मी पाहिली आहेत. खरा किरण डोळ्यात गेला तर बुबुळाचा पुढचा पडदा भाजेल, आणि तो जाताना दिसणारही नाही. झाकणाचं पारदर्शक ॲक्रिलिक आपल्या नजरेला आरपार असलं तरी या किरणाला ती भिंत आहे. म्हणून झाकण उघडलं की लेझर बंद करणारा स्विच त्याला जोडलेला असतो.

एका हुशार मुलाने त्या स्विचला चुंबक चिकटवून ठेवला होता. झाकण उघडं ठेवून जवळून बघता यावं म्हणून. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक होतं, मलाही आहे. पण जुगाड अडलेलं काम पुढे नेण्यासाठी असतो. इथे काहीच अडलं नव्हतं. चुंबक मी काढून फ्रीजवर लावला.

हा कार्बन डायऑक्साइड लेझर पहिल्यांदा चालवून दाखवला कुमार पटेल यांनी, 1964 साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. पटेलांचा जन्म 1938चा, बारामतीतला, आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीतलं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की आधी हसू फुटतं, कारण बारामती म्हटलं की पोरांना भलतंच काही आठवतं. मग ती नळीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. सीओईपीच्या मुलांची तर छाती फुगते.

डोळ्यांचा उपयोग नाही म्हटल्यावर उरतात कान आणि नाक. हवेचा पंप नीट चालला असेल तर नोझलपाशी एकसारखा फुत्कार ऐकू येतो, आणि तो बदलला की मी पाठमोरा असलो तरी वळतो. वासाची तर बाराखडीच आहे. ॲक्रिलिकचा गोडसर, डोक्यात जाणारा. एमडीएफचा खवखवणारा, त्यातल्या फॉर्मॅल्डिहाइडच्या डिंकाचा. साध्या प्लायचा जळक्या लाकडाचा, म्हणजे जवळजवळ घरचा. आणि एक वास असा की तो येण्याआधीच शीट ओळखता आली पाहिजे. आल्यावर उशीर झालेला असतो.

तो पीव्हीसीचा. एक ताई पर्सचे तुकडे कापायला आल्या होत्या. दुकानदाराने 'लेदर' म्हणून दिलेलं कापड त्यांच्याकडे होतं. आमच्याकडे अशा वेळी तांब्याची तार काढतात. तार ज्योतीत लाल करायची, मालाला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे. ताईंच्या 'लेदर'ने तार अशी हिरवीगार पेटवली, की एरवी शोभेची दारू म्हणून पाहायला आवडलं असतं. रेक्झिन होतं ते. "दादा, चारच तुकडे हो, पटकन होतील," त्या म्हणाल्या. चार तुकड्यांतूनही हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि पावसाळी दमट हवेत त्याचं आम्ल व्हायला वेळ लागत नाही. आधी घसा धरतो, मग मशीनच्या रुळांवर गंज चढतो, आरशांची झिलई जाते. तोवर ताई घरी गेलेल्या असतात आणि पुढचा माणूस वाकडं कापलं म्हणून वैतागत असतो. आर्किटेक्चरच्या मुलांनाही हेच सांगावं लागतं, कारण दुकानात सनबोर्ड म्हणून मिळतो तो बहुतेकदा पीव्हीसीचाच फोम असतो. ताईंना मी शेवटी कागदी फर्मा कापून दिला आणि कात्री दिली. त्या खूश झाल्या असं म्हणवत नाही.

सगळ्यांना हवे असतात आकडे. "तीन एमएमला किती ठेवू?" आमच्या वहीत उत्तर आहे: 80 वॉटची नळी, 3 मिमी प्लाय, 60 टक्के पॉवर, सेकंदाला 20 मिमी. हे आमच्या मशीनचं, आमच्या आजच्या लेन्सचं, आणि त्या प्लायचं. भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून बघतात, तसा आधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघायचा. 3 मिमीची म्हणून आणलेली प्लाय वर्नियरवर 2.7 भरते. पावसाळ्यात ती पापडासारखी वाकते आणि मधोमध फोकस सुटतो. आतल्या थरात कुठे डिंकाचा गोळा असला तर किरण तिथे अडतो आणि खालून बघावं तर तुकडा एका केसाने लोंबकळतोय. फोकस बघायची छोटी ठोकळी आम्ही याच मशीनवर कापली आणि पोस्टातल्या पेनासारखी सुतळीने बांधली, तरी वर्षाला तीन हरवतात.

किरणही करवतीसारखाच काहीतरी खातो, साधारण दोन दशांश मिलिमीटर. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुलले. आयुष्यभर त्यांनी पात्याची जाडी मापात धरली होती. कुसू खाचेत हातोडीने नव्हे, तळहाताने बसला पाहिजे, ही त्यांची कसोटी. त्या दोन दशांशाचा हिशेब चुकला की खोक्याचे दात एकमेकांत खुळखुळतात, आणि मग फेविकॉलचा धावा.

पण या कामात मला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती नावांच्या पाट्यांची. कोणी फाईल आणतं, उघडावी तर 'कुलकर्णी'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी. जुना, युनिकोडच्या आधीचा फाँट, आणि अक्षरं कर्व्हमध्ये बदललेली नाहीत. ते निस्तरलं की पुढचं. इंग्रजी नाव कापलं की अक्षरं सुटी होऊन पडतात, एकेक चिकटवत बसा. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. दोरीवरच्या कपड्यांसारखं अख्खं नाव एका तुकड्यात हातात येतं. पण 'माधव' असेल तर 'ध'पाशी दोन तुकडे, कारण 'ध'च्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते. 'शुभदा'चंही 'भ'पाशी तेच. तिथे खालून बारीक पूल द्यावा लागतो, दिसेल न दिसेल असा. 'आनंद'चा अनुस्वार तर कुणाच्याच आधाराला नसतो, तो सरळ हनीकोम्बच्या जाळीतून खाली. अर्धा दिवस आम्ही अनुस्वार शोधत असतो. उलट बाजूने, शीटमधून अक्षरं कोरून पोकळ ठेवायची असतील तर 'व'चं पोट गळून पडतं. अक्षराची रचना इतकी मला शाळेतल्या सुलेखनाने शिकवली नव्हती.

एका ट्रॉफीचं मात्र मी स्वतः वाटोळं केलंय. ताज्या कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेवर हात उमटले होते, म्हणून स्पिरिटने पुसलं. सकाळी बघतो तर कडेभर केसासारख्या चिरा. कापताना कडेत ताण अडकून राहतो, स्पिरिट त्याला वाट करून देतं. साबणाचं पाणी पुरलं असतं.

आता स्टूल जिच्यामुळे आलं ती दोन मिनिटांची गोष्ट. गणपतीला आठ दिवस होते. 2018च्या थर्माकोल बंदीनंतर मखरांचं काम प्लाय-ॲक्रिलिकवर आलंय, त्यामुळे या दिवसांत मशीनपुढे पाटाच्या पाण्यासारखी पाळी लागते. मी 6 मिमी ॲक्रिलिकची दाट जाळी लावली होती, रेघेला रेघ लागून. सावकाश कापायचं काम, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत जाते. दारात टेंपो आला, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून प्लाय घेऊन. दोन मिनिटं, म्हणून गेलो. तेवढ्यात ज्योत फुंकून टाकणारी हवेची नळी नोझलवरून निसटली असावी. परत आलो तर झाकणातला उजेड पिवळा होता. कापताना दिसतो तो ठिणगीएवढा आणि पांढरा असतो. हा पिवळा, हलणारा. ॲक्रिलिक जळताना फारसा धूरही करत नाही. शांतपणे, मेणबत्तीसारखं जळतं आणि ठिबकतं, आणि ठिबकलेलंही जळत राहतं. खाली तळाला आधीच्या लोकांचे बारके तुकडे साचलेले. आणखी एखादं मिनिट आणि झाकणानेच पेट घेतला असता, कारण तेही ॲक्रिलिकच.

लाल बटण दाबलं. भिंतीवर दोन सिलिंडर होते. हात पावडरच्या सिलिंडरकडे जात होता. ती पावडर रुळांत, आरशांत, पंख्यांत शिरली असती तर आग विझूनही मशीन गेलं असतं. शेजारचा कार्बन डायऑक्साइडचा घेतला, झाकण हातभर उचललं आणि सोडला. विझली. ज्या वायूने पेटवलं होतं त्याच वायूने विझवलं, हे रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं. झाकणाच्या कोपऱ्यावर तपकिरी फोड राहिला आहे, तो मी बदललेला नाही. पावडरचा सिलिंडर आता दरवाज्यापाशी असतो.

घरी सांगितलं नव्हतं, पण हाताला लागलेला वास अण्णांना कळला. फार बोलले नाहीत. आठवड्याने रिक्षातून स्टूल घेऊन आले. वखारीतले उरलेले सागाचे तुकडे, एकही खिळा नाही, चारही पाय फरशीला टेकलेले. मशीनशेजारी ठेवलं, हलतंय का बघितलं. म्हणाले, "शेताला कुंपण असलं तरी जागल्या लागतोच." आणि चहाला चला म्हणाले. मशीन बंद होतं, म्हणून मी गेलो.

पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 साली फॅब लॅब सुरू झाली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. तेव्हापासून यंत्र सगळ्यांचं ही कल्पना आपल्याकडे रुळली आहे. पण सगळ्यांच्या यंत्राची लेन्स कोणी पुसायची? बारभाईचा कारभार झाला की ती कोणीच पुसत नाही. तिच्यावर धुराचं किटण चढतं, किटण किरण शोषतं, लेन्स तापते आणि एक दिवस तडकते, आणि झिंक सेलेनाइडचा चुरा उघड्या हाताने उचलायची वस्तू नाही. आमच्याकडे यावर उपाय म्हणून निघालेली गोष्ट साधी आहे: दोनशे पानी वही. काम झालं की काय कापलं, किती पॉवर, काय बिघडलं, काय पुसलं हे लिहायचं. चिलरच्या पाण्याचं तापमान लिहायचं, कारण पावसाळ्यात ते फार थंड ठेवलं तर नळीवर दव धरतं आणि त्या व्होल्टेजला दव खपत नाही. सुरुवातीला लोक कंटाळा करत. मग एकमेकांना उत्तरं लिहायला लागले. 'कोपऱ्यात कट होत नाही.' खाली दुसऱ्या अक्षरात: 'दुसरा आरसा सैल होता, आवळला.' ही दोन माणसं कधी भेटलेली नाहीत. एक रविवारी येतो, दुसरी बुधवारी.

परवा रात्री दिवे बंद करण्याआधी वही उघडली. कंदील करणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने लिहिलं होतं: 'प्लाय 3 मिमी, 62 टक्के, 18. सव्वा तास बसले, पाठ दुखली. 4:10ला एकदा ज्योत दिसली, थांबवून एअरची नळी घट्ट केली, मग नाही आली. लेन्स पुसली. तळातला कचरा काढला, त्यात कोणाचा तरी अनुस्वार सापडला. खिडकीत ठेवलाय.'