तोंडाएवढा घास

माणसाने एखादा नाद बाळगावा, पण तो कोरडा असावा, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. माझा नाद नेमका खाऱ्या पाण्यातला! बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी माझी काचेची पेटी आहे. तिच्यात एका समुद्रफुलाच्या आश्रयाने क्लाउनफिशांची जोडी नांदते. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. बायको थोराड, नवरा लहानखुरा. जन्मतः हे सारे नरच असतात. मादी गेली, की तिचा जोडीदारच पुढे मादी होतो. कादंबरीत असे कथानक घालण्याचे धाडस मला कधी झाले नसते.

गेल्या पावसाळ्यात या मादीने दगडावर अंडी घातली. शे-दोनशे नारिंगी ठिपके! त्या दिवसापासून नराला उसंत नाही. परांनी अंड्यांवर पाणी खेळवी, तोंडाने ती साफ करी, मेलेली वेचून काढी. सातव्या दिवशी अंड्यांत रुपेरी डोळे चमकू लागले. आठव्या रात्री दिवे मालवून मी अंधारात बसलो. पुष्कळ वेळाने बॅटरीचा झोत एका कोपऱ्यात धरला, तो उजेडाकडे पिले धावत आली. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची! मोठ्यांजवळ राहिली तर त्यांच्याच पोटात जायची, म्हणून ती पेल्याने उचलून दुसऱ्या पेटीत सोडली आणि आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिले खाऊ म्हणून मुबलक घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी राख सांडावी तशी सारी मरून पडली होती.

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली उलगडा झाला. माझा खाऊ अर्धा मिलिमीटरचा, आणि माशाच्या पिलाचे तोंड त्याहून लहान. बिचारी अन्नाच्या राशीत उपाशी मेली.

घरी येऊन हे सांगितले, तर सौभाग्यवती कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, आपल्या बाळाला सहाव्या महिन्यात तुम्ही भाकरी भरवली होतीत का?"

मी हसलो, पण रात्री झोप येईना. डोळ्यांपुढे पाचवीतला एक मुलगा उभा राहिला. रोज मी त्याला धड्यातला उतारा वाचायला उभा करी. तो पुस्तक धरून गप्प. मी "वाच!" म्हणून ओरडे, वर्ग हसे. गणपतीनंतर तो शाळेत येईनासा झाला. 'अभ्यासाची आवड नाही' असा शेरा मारून मी मोकळा झालो होतो. त्याच्या तोंडाचे माप मी कधी घेतलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोन कामे केली. खिडकीत हिरव्या शेवाळपाण्याच्या बाटल्या मांडल्या. त्या पाण्यावर रोटिफर नावाचे जीव वाढतात, आर्टेमियाच्या निम्म्याहूनही लहान. म्हणजे आधी अन्नाचे अन्न पिकवायचे, मग अन्न, मग पिले! आणि संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. बाप होडीवर गेला होता. मी पुस्तक नेले नव्हते. पाटीवर एवढेच लिहिले : मासा. तो पाटीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मासा." दुसऱ्या दिवशी 'होडी', तिसऱ्या दिवशी 'जाळे'.

पुढल्या खेपेची पिले रोटिफरांवर जगली. आठवड्याभराने त्यांना आर्टेमिया मानवू लागला. बाराव्या दिवशी एका पिलाच्या डोक्यामागे पांढरा पट्टा उमटलेला पाहून मी घरभर ओरडत सुटलो. शेवटी अकरा जगली. थोडी नव्हेत!

तो मुलगा आता पुन्हा शाळेत येतो. उतारा त्याला अजून जमत नाही. संध्याकाळी मात्र मासे पाहायला न चुकता येतो. परवा पेटीवर मी डकवलेली चिठ्ठी त्याने आपण होऊन बोट ठेवून वाचली, "रा-त्री... दि-वा... ला-वू नये." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "का हो, गुरुजी?"

आजवर त्याने मला कधी काही विचारले नव्हते.