बकरीचें दुखणें आणि शेजाऱ्यांचा सल्ला

माणसाचें दुखणें त्याच्या तोंडून कळतें. जनावराचें दुखणें मालकाच्या नजरेला दिसावें लागतें. म्हणूनच कीं काय, घरांत माणूस आजारी पडलें तर सल्ला देणारे चार, आणि दावणीचें जनावर आजारी पडलें तर चाळीस! ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या वतीनें बोलण्याची सर्वांनाच मोकळीक असते. तिची किंमत मात्र एकट्या मालकाला मोजावी लागते. आणि आमच्या खानदेशांत, बकरीच्या बाबतींत, हा मालक पुष्कळदां एखादी कष्टकरी बाई असते.

बकरीला गरिबाची गाय म्हणतात. धुळे-जळगांवकडे ती गरिबाची पेढीहि आहे. कपाशी वेंचून मिळालेली मजुरी रोजच्या मीठमिरचींत जाते. मुलांच्या वह्यापुस्तकांचा आणि अडल्या वेळचा खर्च करडूं विकून निघतो. पारोळे तालुक्यांतील ज्या खेड्यांत आमचें घर आहे, तेथें आमच्या शेजारच्या आक्कांचा संसार असाच दोन बकऱ्यांवर उभा आहे. त्यांतली मोठी सुरती जातीची. ह्या जातीला खानदेशी असेंहि नांव आहे. गेल्या फाल्गुनांत दादर खळ्यावरून नुकतीच घरांत आली होती. बकरीनें रात्रीं दावें तोडलें आणि पोत्याला तोंड लावलें. सकाळीं आक्का आमच्या दारांत येऊन एवढेंच म्हणाल्या, "भाऊ, बकरी रवंथ करस नही."

ह्या एका वाक्यांत अर्धें निदान होतें. निरोगी बकरीचें मोठें पोट मिनिटाला एक-दोनदां हलतें, आणि डाव्या कुशींत मूठ टेकून धरल्यास तें हाताला कळतें. आम्हीं मूठ टेकून पाहिली. पोट फुगलेलें होतें, पण हालचाल नव्हती; बकरी मान टाकून दांत खात होती.

तासाभरांत आक्कांचें अंगण भरलें. एकानें गोडें तेल पाजा म्हटलें, दुसऱ्यानें ताक. तिसरा डाग देण्यासाठीं सळई तापवावयास निघाला. एका तरुणानें मोबाईलवर कोठल्याशा परक्या मुलखांतील इलाज दाखविला. सर्वांत शांतपणें बोलला तो एक व्यापारी. "संध्याकाळपर्यंत मरेल, आक्का. आतां निम्म्या किंमतीला देऊन टाका. मेल्यावर तेंहि मिळणार नाहीं." त्याच्या बोलण्यांत शंकेला जागाच नव्हती. आक्कांनीं आमच्याकडे पाहिलें. ती निम्मी किंमत म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीची शाळेची फी होती. बकरी त्यांची, तेव्हां निर्णयहि त्यांचाच. आम्ही एवढेंच म्हणालों कीं, जाणत्याला विचारल्यावांचून तेल नको आणि सौदाहि नको. त्यांनीं मान हलविली, आणि आम्हीं फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं असलेला १९६२ हा क्रमांक फिरविला.

थोड्या वेळानें डॉक्टरांचा फोन आला. त्यांनीं औषध सांगितलें नाहीं, प्रश्न विचारले. काय खाल्लें, किती, केव्हां? कोरडें धान्य कीं ओला पाला? लेंड्या टाकल्या का? गाभण आहे का? नाकातोंडांतून कांहीं वाहतें का? दुसरी बकरी कशी आहे? अंगणांतल्या सल्लागारांपैकीं एकानेंहि ह्यांतला एक प्रश्न विचारला नव्हता. मग ते म्हणाले, तेल पाजूं नका. ओला लसूणघास खाऊन पोटांत फेंस धरला, तर तेलानें तो मोडतो. धान्य फार झालें म्हणजे मात्र पोटांत आम्ल माजतें, तें रक्तांतलें पाणी पोटांत ओढून घेतें, आणि जनावर आंतून सुकत जातें. बाहेरून पोट सारखेंच फुगलेलें. पण रोग दोन, आणि इलाजहि दोन. शिवाय घाबऱ्या जनावराचें तोंड वर धरून जबरीनें पाजलेलें औषध श्वासनळींत उतरलें, तर मूळ रोगाआधीं तेंच जीव घेतें.

दुपारीं गाडी आली. डॉक्टरांनीं ताप पाहिला. बकरीच्या अंगाची नेहमींची ऊब १०२-१०३ अंश फॅरनहाइट असते. माणसाला जो ताप, तो तिचा निरोगीपणा. नळी घालून पोटांत सोड्याचें पाणी सोडलें, शिरेंतून सलाईन दिलें. आक्कांनीं विचारलें, "वांचेल ना?" डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र निघाली तर आशा आहे. त्यापुढें मी आतां सांगूं शकत नाहीं." व्यापाऱ्याला खात्री होती, डॉक्टरांना नव्हती. आक्कांनीं ज्याला खात्री नव्हती त्याच्यावर भरंवसा ठेवला. तिसऱ्या दिवशीं पहांटे बकरी रवंथ करूं लागली. दूध मात्र आटलें, तें त्या वेतांत पुन्हां पहिल्यासारखें झालें नाहीं.

आपल्याकडे ह्या विद्येची उणीव आहे असें नाहीं. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचें. १८८९ मध्यें पुण्यास जी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, तीच पुढें मुक्तेश्वरास जाऊन भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. शेळ्यामेंढ्यांची 'पीपीआर' ही साथ १९८७ मध्यें तामिळनाडूंत आढळली, आणि तीवरील लस ह्याच संस्थेनें तयार केली. पावसाळ्याच्या तोंडीं टोंचून घ्यावयाची आंत्रविषाराची लसहि आहे. परंतु प्रयोगशाळेपासून अंगणापर्यंतची शेवटची वाट विद्येला एकटीनें चालतां येत नाहीं. कोणीतरी तिला बोलवावें लागतें, आणि ती येईपर्यंत हातांतलें तेल व तापलेली सळई खालीं ठेवावी लागते.

हें थांबणेंच कठीण. दुखणाऱ्या जिवापुढें रिकाम्या हातानें उभें राहणें माणसाला सोसत नाहीं, म्हणून तो कांहींतरी करतो, आणि त्यालाच माया समजतो. त्या अंगणांतल्या बहुतेकांची माया खोटी नव्हती. परंतु मायेनें आधीं विचारावें, मग सांगावें, एवढें त्या दिवशीं आमच्या गल्लीला पटलेलें दिसतें; कारण आतां आक्कांच्या गोठ्याच्या भिंतीवर १९६२ हा आंकडा चुन्यानें लिहिलेला आहे, आणि तो लिहिणारा सळई तापवावयास निघालेला गृहस्थच आहे.