आधी ऊब, मग अजगर

दुकानात शिरलेला नवखा माणूस आधी साप बघतो. मग काचेची पेटी, मग प्लॅस्टिकच्या वेली, पाण्याचं देखणं भांडं. उबेची आठवण होते ती पैसे देताना. तेव्हा गल्ल्यावरचा पोरगा एक हीट मॅट पिशवीत टाकतो आणि खरेदी संपते. इंग्लंडात लेस्टरला स्थायिक झालेली, मूळची साताऱ्याची एक बाई बॉल पायथन या जातीचे अजगर पाळते. सल्ला विचारायला येणाऱ्यांना ती हा क्रम नेमका उलटा करायला लावते. आधी ऊब, मग घर, साप सगळ्यांत शेवटी. पेटी आठवडाभर रिकामीच चालू ठेवायची, दिवसाचं आणि रात्रीचं तापमान वहीत लिहायचं आणि आकडे जागेवर आल्यावरच पिल्लू घरी आणायचं. बरेच जण एवढ्यावरच नाराज होऊन जातात. ते बरंच, असं तिचं मत.

अजगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भेकर गिळणारं धूड येतं. हा त्यातला नव्हे. बॉल पायथन पुरता वाढला तरी बहुधा चार-पाच फुटांचा आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू फूट-सव्वा फूट. सेनेगलपासून युगांडापर्यंतचा गवताळ माळ हे त्याचं मूळ घर. बेनिनमधल्या विदाह गावात या सापाचं देऊळ आहे. त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो, घानामधून त्याची पिल्लं जगभरच्या दुकानांत जातात. माळावर असला तरी दिवसा तो उघड्यावर क्वचितच दिसतो. उंदरांच्या बिळात नाही तर वाळवीच्या वारुळात पडून राहतो आणि रात्री बाहेर निघतो.

पाळणाऱ्याला उभं करायचं असतं ते हे वारूळ: अंधारं, दमट, अंगाला चिकटणाऱ्या भिंतींचं. म्हणून मोठ्या उघड्या काचपेटीत पिल्लू बावरतं. त्याला दोन लपणं लागतात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. दोन्ही शक्यतो सारखीच आणि इतकी अरुंद, की वेटोळं घातल्यावर सगळीकडून भिंत टेकेल. दोन कशाला, हा प्रश्न हमखास येतो. लपण एकच असेल आणि तेही थंड बाजूला, तर पिल्लू ऊब सोडतं, आडोसा सोडत नाही. गारठ्यात बसून राहतं, पोटातला उंदीर पचत नाही आणि कधी तो तसाच उलटून बाहेर येतो. सापाला एक ठरावीक तापमान देऊन भागत नाही. इकडून तिकडे सरकायची सोय लागते: उबदार लपणाच्या तळाशी ३१ ते ३३ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २५-२६, मध्ये उतरती भाजणी. बाकीचं गणित साप स्वतः करतो.

आता हीट मॅट. नुसती प्लगला जोडलेली मॅट चाळिशी सहज ओलांडते. आच लागली की साप आपणच सरकेल, असं नवख्याला वाटतं. पण अजगर तापलेल्या जागेवर तसाच पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजतात. गंमत अशी, की उंदराच्या अंगाची ऊब अंधारात टिपणारे खळगे त्याच्या ओठांवर असतात. त्यांचा पोटाला उपयोग नाही. म्हणून थर्मोस्टॅटशिवाय मॅट चालू करायचीच नाही. त्याचा सेन्सर पेटीत कुठेतरी लोंबकळत सोडायचा नाही, मॅटच्या पृष्ठभागाला पक्का बसवायचा. तापमापी वेगळा हवा, कारण थर्मोस्टॅटवर दिसतो तो आपण मागितलेला आकडा. मिळालेला आकडा तापमापी सांगतो. ब्रिटनमध्ये लाकडी पेटी, म्हणजे व्हिव्हेरियम, लोकप्रिय आहे. त्याच्या खाली बाहेरून मॅट लावली, तर लाकूड उष्णता अडवून धरतं: आत ऊब पोचत नाही आणि मॅट मात्र तापत जाते. तिथे छताला सिरॅमिक हीटर लावतात, पण त्याला जाळी हवीच, नाही तर साप थेट त्यालाच विळखा घालतो.

उबेच्या बाबतीत अजगर अगदीच परावलंबी असतो असंही नाही. भारतीय अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि स्नायू आखडत-सोडत अंगात उष्णता निर्माण करते. अंडी उबवणाऱ्या अजगरमादीचं तापमान व्हॅलेंसियेन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये १८४१ साली मोजून ठेवलं होतं. दुकानातल्या पिल्लाला मात्र ही सोय नाही.

ओलाव्याचा ताळमेळ याहून अवघड. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास हवी, कात टाकताना थोडी अधिक. वर जाळीचं झाकण असलेली काचपेटी हीटर लावलेल्या खोलीत वाळून कोरडी पडते. मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची कातेची टोपी तशीच राहते. यावर नवखा जो उपाय करतो, म्हणजे दिवसातून चारदा फवारा, तो त्याहून वाईट. ओल आणि गारठा एकत्र आले, की श्वसनाचा आजार ठेवलेला. नारळाच्या काथ्याचा जाड थर घालावा, तळाशी पाणी ओतावं आणि वरचा भाग कोरडा राहू द्यावा. पिल्लासाठी झाकणाचा, बाजूने भोकं पाडलेला साधा प्लॅस्टिकचा डबा काचेपेक्षा सरस ठरतो. दिसायला भिकार, हे मान्य.

हे वाचून सातारा-पुण्यात कुणाला हुरूप आला, तर कायदा आडवा येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपला भारतीय अजगर आहे. तो घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या विदेशी प्राण्यांची नोंद करणं २०२४च्या नियमांनी सक्तीचं केलं आहे.

लेस्टरच्या बाईंना सगळ्यात जास्त फोन येतात ते ‘खात नाही’ म्हणून. बॉल पायथन उपासाबद्दल बदनामच आहे. उंदीर बदलून पाहिला, तोंडापुढे हलवून पाहिला, असं माणूस सांगत असतो. बाई आधी थंड टोकाचं तापमान विचारतात, मग पिल्लाला दिवसातून कितीदा हातात घेता ते. बहुतेकदा एवढ्यावर उलगडा होतो. जास्तीचा एक थर्मोस्टॅट घरात ठेवा, हेही त्या बजावतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली. इतकं आयुष्य कुठल्याच थर्मोस्टॅटला नसतं आणि इंग्लंडात तो बिघडतो नाताळच्या सुट्टीत, दुकानं बंद असताना.