जुन्या जगाचं घड्याळ

आज एका खेळाबद्दल लिहायचं म्हणते. आमच्या घरच्या मंडळींपैकी निम्म्यांना तो चांगला माहीत आहे आणि उरलेल्यांना ‘ते काहीतरी फासे टाकून गोष्टी सांगतात’ एवढंच ठाऊक आहे. तसं ते काही चूक नाही म्हणा! खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करेल ते ठरवतात, आणि ते जमलं की फसलं याचा कौल बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रथम छापला गेला.

नियम सगळीकडे साधारण सारखे, पण गोष्ट घडायला एक जग लागतं. नकाशा, राजे, देव, जुनी भांडणं, सगळं. अशी जगं छापून विकली जात. गायगॅक्स यांचं ग्रेहॉक १९८० साली आलं. एड ग्रीनवुड नावाच्या कॅनडातल्या गृहस्थांनी लहानपणापासून मनात रचलेलं फरगॉटन रेल्म्स १९८७ साली आलं. मग ड्रॅगनलान्स, रेव्हनलॉफ्ट, स्पेलजॅमर, प्लेनस्केप... यादी मोठी आहे.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या माझ्या भाच्याला यातलं जे जग मिळालं ते डार्क सन, १९९१ सालचं. तेव्हाचा खोका त्याने अजून जपून ठेवला आहे. परवा फोनवर तो म्हणाला, “मावशी, हे जग पुन्हा छापायला हवं, पण एका अक्षराचाही बदल न करता.” मागून त्याची मुलगी ओरडली, “मावशीआजी, बाबाचं ऐकू नकोस. बदल केल्याशिवाय मी ते खेळणारच नाही!” पंधरा वर्षांची आहे. दोघांनी मला पंच नेमलं, म्हणून हा प्रपंच.

आधी ते जग सांगते. नाव आथास. तिथे जादूगार जादू करतो तेव्हा आजूबाजूच्या झाडापाल्यातला जीव ओढून घेतो. जपून केली तर ठीक, हावरेपणाने केली तर जमिनीची राख होते. पिढ्यान्‌पिढ्या असं झाल्याने सगळं वाळवंट झालंय. लोखंड दुर्मीळ, म्हणून हाडांची आणि दगडांची शस्त्रं. पाणी जपून प्यायचं. एकेका नगरावर एकेक जुलमी जादूगार राजा आणि त्याच्या राज्यात गुलामांचे बाजार. १९७२ चा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे मला हे जग समजायला वेळ लागला नाही. परीकथेतल्या हिरव्यागार राज्यांपेक्षा ते मला जवळचंच वाटलं.

आता प्रश्न असा, की जुनं जग परत आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कंपन्यांनी आजवर काय काय केलं ते पाहिलं, तर मला त्यात तीन वाटा दिसतात.

पहिली वाट, घड्याळ पुढे न्यायचं. २००८ साली खेळाची चौथी आवृत्ती आली तेव्हा फरगॉटन रेल्म्स एकदम शंभरेक वर्षं पुढे नेलं. मध्ये मोठा जादुई उत्पात झाला असं दाखवलं. जुन्या खेळाडूंची ओळखीची माणसं गेली, गावं गेली, देवही गेले. ते भयंकर नाराज झाले. डार्क सनचंही तसंच. ट्रॉय डेनिंग यांच्या पाच कादंबऱ्यांत मोठमोठे खलनायक मारले गेले आणि १९९५ च्या सुधारित खोक्यात घड्याळ दहा वर्षं पुढे सरकलं. म्हणजे जी लढाई खेळाडूंनी लढायची, ती कादंबरीतली माणसं आधीच लढून मोकळी! मग टेबलावरच्यांनी करायचं काय?

दुसरी वाट, घड्याळ मागे न्यायचं. २०१० साली डार्क सन पुन्हा आलं तेव्हा हेच केलं. टिर नगराचा राजा कलाक नुकताच मारला गेला आहे, पुढचं काही घडलेलंच नाही, इथून सुरुवात. २०२४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात ग्रेहॉक आलं तेही नकाशासकट आणि १९८० सालच्या मूळ काळात नेऊन. एक प्रकरण, थोडी माहिती, बाकी तुमचं तुम्ही भरा. मला हे फार आवडलं.

तिसरी वाट, चाहत्यांच्या हाती सोपवायचं. २००० नंतरच्या तिसऱ्या आवृत्तीच्या काळात कंपनीने डार्क सनचं स्वतःचं पुस्तक काढलं नाही, पण चाहत्यांच्या एका गटाला नवे नियम तयार करायची परवानगी दिली आणि त्यांनी ते फुकट करून दिले. प्रेमाचं काम. पण ते ज्यांना ते जग आधीच माहीत होतं त्यांच्यापर्यंतच बहुतेक पोचलं असणार.

पैशाचाही भाग आहे. मूळ कंपनी टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टला विकली गेली. ती डबघाईला येण्याची जी कारणं सांगतात त्यात एक हेही असतं, की जगं फार झाली, एका जगाचा खेळाडू दुसऱ्या जगाची पुस्तकं घेईना. तेव्हा आता कंपनी हात राखूनच खर्च करणार. २०२२ मध्ये स्पेलजॅमर परत आणलं ते तीन सडपातळ पुस्तकांत, आणि जुनी मंडळी म्हणाली, यात जग कुठे आहे?

पण भाचा आणि नात यांचं भांडण पैशाचं नाही, गुलामांचं आहे. त्याच स्पेलजॅमरमध्ये माकडासारख्या दिसणाऱ्या एका जमातीला गुलामगिरीची पूर्वकथा जोडली होती. कृष्णवर्णीयांबद्दलच्या जुन्या विखारी चित्रणाची ती आठवण करून देते अशी टीका झाली, आणि कंपनीने माफी मागून तो मजकूर काढला. २०२३ मध्ये खेळाचे तेव्हाचे कार्यकारी निर्माते काइल ब्रिंक यांनी एका मुलाखतीत डार्क सनमध्ये आजच्या काळात अडचणीचं बरंच काही आहे असं सांगितलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनंतर रेव्हनलॉफ्ट, एबेरॉन, ड्रॅगनलान्स, प्लेनस्केप अशी एकेक जगं २०२३ पर्यंत परतली, डार्क सन मात्र त्या रांगेत नव्हतं. २०२५ मध्ये चाचणीसाठी काही नियम खुले केले, त्यात जादूगार राजे आणि राख करणारी जादू दिसली तेव्हा जुन्यांच्या आशा पालवल्या.

भाचा म्हणतो, “त्या जगात गुलामगिरी वाईटच दाखवलीय. पहिल्याच मोहिमेचं नाव ‘फ्रीडम’ आहे, गुलामांकडून राजा मनोरा बांधून घेतो आणि शेवटी तोच मरतो.” खरं आहे. नात म्हणते, “पण बाबा, तुझ्या पुस्तकात मुल जमातीची माणसं गुलामीसाठीच जन्माला घालतात, आणि ते किती दणकट असतात याचेच आकडे दिलेत. त्यांना काय वाटतं ते कुठेय?” हेही खरं आहे.

मी इतकी वर्षं इतिहास शिकवला. इतिहासातून जुलूम गाळला तर उरतात फक्त राजांची नावं आणि सनावळ्या, त्या पोरं परीक्षेनंतर विसरतात. आणि जुलूम नुसता देखावा म्हणून ठेवला तर पोरं त्यात राजाच्या बाजूने बसतात, हेही मी वर्गात पाहिलंय. तेव्हा गाळायचं नाही आणि सजवायचंही नाही. प्रश्न कोण विचारतोय, ते बदलायचं.

म्हणून पंचांचा निकाल असा. जग परत यावं, आणि २०१० सारखंच कलाक मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हावं. टिरमध्ये गुलाम मोकळे झालेत. आता विहिरीवर पाणी कोण ओढणार? शेतं कोण नांगरणार, मजुरी किती आणि देणार कोण? शेजारचे राजे चाल करून येतील तेव्हा लढायला कोण उभं राहील? कालच्या मालकाला आजच्या सभेत बसू द्यायचं का? ही उत्तरं पुस्तकात छापू नयेत, टेबलावर बसलेल्यांना शोधू द्यावीत. आणि पात्रं निवडताना पहिला मान कालच्या गुलामांना द्यावा, त्यांची नावं, नाती, रुसवे-फुगवे सगळ्यासकट.

निकाल दोघांनाही पुरता पटलेला नाही. भाच्याला वाटतं मी नातीची बाजू घेतली, नातीला वाटतं बाबाची. म्हणजे बरोबर जागी पडला असावा! कंपनी काय करायचं ते करेल. पण खोका घरात आहे, नकाशा शाबूत आहे. येत्या सुट्टीत मुलगी सूत्रधार होणार आणि बाप पहिल्यांदाच तिच्या हाताखाली खेळणार असं ठरलंय. त्याला तिने पात्र दिलंय मुल जमातीतल्या एका पाणक्याचं.

तुमच्यापैकी कुणी हे खेळत असाल तर कळवा, तुमच्या टिरमध्ये पाणी कोण ओढतं ते वाचायला आवडेल.