दिंडीची कोठी आणि पन्नास पानं

वारीहून आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? किती चाललात, पाय सुजले का, दर्शन नीट झालं का. जेवलात काय, हे सहसा कुणी विचारत नाही. आणि रांधलं कुणी, हे तर नाहीच नाही. आळंदीहून माऊलींची पालखी निघाली की पंढरपूरला पोचेपर्यंत रोज दोन्ही वेळा हजारो चुली पेटतात. माळावर पाल ठोकायचं, पन्नास-शंभर माणसांना जेवू घालायचं, भांडी घासायची आणि दुसऱ्या दिवशी सगळा संसार ट्रकमध्ये भरून पुढच्या गावी पुन्हा मांडायचा. हे सारं आपोआप होतं असं मलाही लग्नाआधी वाटत असे.

आमच्या भाईंदरहून दरवर्षी एक जथा एका दिंडीबरोबर जातो. पन्नासेक माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका. प्रत्येकाने भिशी भरायची. ही आपली बायकांची चिठ्ठ्या टाकायची भिशी नव्हे बरं का. दिंडीत जेवणखाण, ट्रक, गॅस, पाणी यांचा जो सामायिक खर्च येतो त्यातल्या आपल्या वाट्याला भिशी म्हणतात. ज्याच्याकडे शिधा, तो कोठी सांभाळणारा. २०२४ साली आमची कोठी माझ्याकडे आली. ज्या काकू वर्षानुवर्षं ती पाहात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "तू शाळेत शिकवतेस, बी. ए. आहेस, तुला हिशेब येईल," असं सगळ्यांनी ठरवलं. मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेल्या बाईला डाळीचा हिशेब कसा येणार, हे कुणी विचारलं नाही!

शाळेतून मला लोणंदपर्यंतचीच रजा मिळाली, तीही बिनपगारी. पण कोठी भरायची होती ती पंढरपूरपर्यंतची.

पहिली गोष्ट ही की घरची वाटी इथे विसरायची. मी किलोतच मांडलं. भात एका वेळेला माणशी १०० ग्रॅम तांदळाचा, म्हणजे ५ किलो. पोळ्या असतील तर कणीक ६ किलो. डाळ अडीच किलो. न्याहरीला पोहे ४ किलो. चहाच्या शंभर कपांना पाव किलो पावडर आणि किलोभर साखर. दूध वाटेत गावातच घ्यायचं. तेल दिवसाला सव्वा ते दीड लिटर. मात्र तिखट, हिंग, मोहरी ह्या वस्तू असा गुणाकार मानत नाहीत. पाच माणसांच्या आमटीला जे तिखट घालता त्याच्या दहापट पन्नासांना घातलंत तर निम्मी दिंडी पाण्यासाठी धावेल. मी सातपटीपासून सुरुवात करायला सांगितलं, चव घेऊन मग पुढे.

नुसती तूरडाळ नेली नाही. ती शिजायला वेळ घेते आणि गॅस खाते. निम्मी तूर, निम्मी मूग असं मिश्रण घरीच करून भरलं. मटकीला मोड आणून उसळ करू, असा एकीचा आग्रह होता. पण ओल्या हवेत, हलत्या ट्रकमध्ये बांधलेली मटकी मोड यायच्या आधी चिकट होते. त्यापेक्षा अख्खा मसूर बरा, भिजवायलाही फार वेळ नको. कांदे लोणंदपर्यंत पुरतील एवढेच घेतले, कारण लोणंदचा कांद्याचा बाजार मोठा. ज्या गावात जी वस्तू पिकते ती आपण भाईंदरहून डोक्यावर का न्यावी?

मीठ मात्र इथूनच. आम्ही मिठागरांच्या गावच्या! पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं म्हणून दोन घट्ट झाकणांच्या डब्यांत भरून मध्ये भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकली. काड्यापेट्या तांदळाच्या पिंपात खुपसल्या. पिंपं दोन रंगांची घेतली, निळी आणि पिवळी. निळ्यात धान्य, पिवळ्यात पिठं नि मसाले. रात्री विजेरीच्या उजेडात शोधताना अक्षर वाचत बसावं लागत नाही, रंग दिसतो. वहीच्या दोन प्रती केल्या; एक ट्रकमध्ये, एक माझ्याजवळ.

पाण्याचं मला अवघड गेलं नाही. भाईंदरच्या बाईला पाणी मोजून वापरायला कुणी शिकवायला नको, टाकीत किती वाजता येतं त्यावर आमचा दिवस ठरतो. पिण्याला माणशी ३ लिटर, रांधायला आणि भांड्यांना तेवढंच, म्हणजे रोजचं ३०० लिटर. त्यासाठी २०० लिटरची दोन पिंपं. पुढे माळशिरसच्या बाजूला पाऊस बेताचाच, सारी भिस्त टँकरवर. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ते नितळ दिसतं, पण नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. त्याच्यावर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, किंवा उकळी. पन्नासांतल्या दोघांना जुलाब झाले की दिंडीच्या हालांना पारावार राहात नाही.

इथवर सगळं वहीत बसलं. वहीत न बसणारी गोष्ट सासूबाईंची.

त्यांच्या अकरा वाऱ्या झाल्या आहेत. पण पंढरपूरला चालत गेल्या का, असं विचारलं तर त्या हसतात. स्वयंपाकाच्या बायका पहाटेच भांडी आवरून ट्रकबरोबर पुढे जातात. माणसं चालत पोचेस्तोवर जेवण तयार हवं ना! त्यामुळे सासूबाईंनी दिवे घाट पाहिला तो नेहमी अंधारात, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून, मांडीत पिठाचा डबा धरून. नागमोडी घाटात ती माणसांची, पताकांची रांग आणि जादा बैल जोडून ओढला जाणारा रथ त्यांनी पाहिला तो पेपरातल्या फोटोत. "एकदा तो घाट पायाने चढायचाय गं," असं त्या मला भांडी पुसता पुसता म्हणाल्या होत्या. वय ६६, मधुमेह.

मी दोन गोष्टी शेजारी मांडून पाहिल्या. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यातच घाट. आणि तो दिवस नेमका एकादशीचा येतो. त्या वर्षी २ जुलैला. एकादशीला पोळ्या नाहीत, भात नाही, आमटी नाही. म्हणजे ज्या दिवशी चाल सर्वांत मोठी त्याच दिवशी चूल सर्वांत लहान! तो एक दिवस बायकांना ट्रकमध्ये बसवायचं कारणच काय?

हे मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर झालेल्या बैठकीत मांडलं. एका दिवसासाठी चार पुरुषांनी ट्रकबरोबर जावं, सासवडला रताळी-बटाटे उकडावेत, दाण्याचं कूट तयार आहेच. थोडा वेळ कुणी बोलेना. मग एक बुवा म्हणाले, "बायकांच्या हाताची चव येणार नाही." उकडलेल्या रताळ्याला कुणाच्या हाताची चव लागते, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण वडीलधारे होते. मी एवढंच म्हटलं, "बुवा, नामस्मरण जसं सगळ्यांना सारखं, तसं चालणंही असावं." आमचे हे पहिल्यांदा उठले आणि "मी जातो ट्रकबरोबर" म्हणाले. मग आणखी तिघं मिळाले. त्याच बैठकीत बाकीच्या दिवसांसाठी बायकांचे तीन गट पाडले. एक गट रांधेल, दोन चालतील. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही, विचारायला कुणी धजलं नव्हतं.

आता प्रश्न उपासाचा. साबुदाण्याची खिचडी पहाटे खाऊन चालायला लागलं की हडपसर यायच्या आधी छातीत जळजळ. शिवाय साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, गुळाचे लाडू हे मधुमेहाच्या माणसाला सोसणारं नाही. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गोळ्या चालू असताना उपास करून घाट चढणं बरं नव्हे. सासूबाई म्हणाल्या, "एकादशीला मी अन्न खाणार नाही." दोघांच्या मध्ये मी! शेवटी तडजोड अशी, की उपासाचंच खायचं पण दर दोन तासांनी खायचं. राजगिऱ्याच्या पिठात काकडी किसून केलेली लहान थालीपिठं, भाजलेले दाणे, ताक. त्या दिवसापुरतं गोळीचं प्रमाण डॉक्टरांनीच बदलून दिलं. ते आपल्या मनाने कुणी करू नये. आणि माझ्या पिशवीत खडीसाखर.

२९ जूनला आळंदीहून पालखी हलली. पुण्यातल्या दोन मुक्कामांत आमची कोठी जवळजवळ बंदच होती. पुणेकर वारकऱ्याला उपाशी राहू देत नाहीत. पावलोपावली केळी, चहा, पुरीभाजी. (ह्याच वाटपात अर्धवट खाल्लेल्या द्रोणांचे ढीगही रस्त्यात पडतात. घेणाऱ्यानेही पोट पाहून हात पुढे करावा, असं माझं मत.) खायला मिळतंच म्हणून कोठी कमी भरण्यात मात्र अर्थ नाही. पुण्यात उतू जातं ते पुढच्या ओसाड टप्प्यात मिळेलच असं नाही.

एकादशीला पहाटे निघालो. हडपसरला विसावा झाला. तिथून तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणीकडे जाते आणि माऊलींची सासवडकडे वळते. ऊन-सावली चालली होती, दर दोन तासांनी मी घड्याळ पाहून थालीपीठ पुढे करत होते आणि सासूबाई "बाई, शाळा आहे का ही!" म्हणून रागावत होत्या. घाट निम्मा झाला असेल नि त्या एकाएकी गप्प झाल्या. हात थरथरत होते, कपाळावर घाम. मी त्यांना कडेला बसवलं, खडीसाखर चघळायला लावली, वर ताक दिलं. टाळांचा आवाज चालूच होता, माणसं वळसा घालून पुढे जात होती. पंधरा मिनिटं गेली. मागून येणारी ॲम्ब्युलन्स दिसत होती. मी हात करणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "आता बरं वाटतंय. बसून नाही जायचं मला." आणखी अर्धं थालीपीठ खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही, म्हटलं. खाल्लं त्यांनी, आणि मग उठल्या.

माथ्यावर पोचल्यावर सगळे मागे वळून ती खालची रांग बघत होते. सासूबाईंनीही पाहिलं, बराच वेळ. मग मला विचारलं, "ह्यांनी रताळी बेताची उकडली असतील ना गं?"

नव्हती उकडली बेताची. सासवडच्या पालात पोचलो तेव्हा रताळ्यांचा लगदा झाला होता आणि चार पुरुष त्यात कूट नि जिरं घालून त्याला काही नवीनच नाव देण्याच्या विचारात होते. पन्नास माणसांनी तो लगदा पातेलं निपटून खाल्ला. बुवांनी दोनदा घेतला.

लोणंदहून मी गाडी पकडून परत आले. किल्ल्या माझ्या जाऊबाईंकडे दिल्या. चार-पाच दिवसांनी शाळेतून येते तो नातेपुत्याहून सासूबाईंचा फोन. टँकर उशिरा आला, पण पिंपातलं पाणी पुरलं. डाळ शेवटी दोन किलो कमी पडेलसं वाटतं. पुरुषमंडळी आता आठवड्यातून दोनदा पोळ्या लाटतात, सगळे नकाशे होतात, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय. आणि फोन खरा कशासाठी केला होता तर काड्यापेट्या कुठे ठेवल्यात ते सापडत नव्हतं. मी वही उघडली आणि सांगितलं, "निळं पिंप, तांदळाचं. हात कोपरापर्यंत घाला."