सांधा दिसत नाही, पण भार तोच घेतो

तुम्ही आत्ता लाकडी खुर्चीवर बसला असाल, तर एक सांगा. ही खुर्ची कधी मोडलीच, तर कुठे मोडेल? बहुतेक वेळा लाकूड मधोमध तुटत नाही. पाय जिथे जोडलेला असतो, तिथे तो आधी हलायला लागतो. म्हणजे नुसतं लाकूड मजबूत असून भागत नाही, सांधाही मजबूत लागतो.

आठवडाभर मी कॉम्प्युटरवर कोड लिहितो. सुट्टीच्या दिवशी रेडिंगमधल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये सुतारकाम करतो. मागच्या वर्षी मी गणपतीसाठी चौरंग करायला घेतला. गणपतीत त्यावर मूर्ती बसणार होती. उरलेलं वर्ष आमची चार वर्षांची मुलगी त्यावर उभी राहून बेसिनपाशी दात घासणार होती. मूर्ती एका जागी शांत बसते. मुलगी उड्या मारते! त्यामुळे एकही पाय डुगडुगून चालणार नव्हता.

सांगलीला बाबांना फोन केला. ते म्हणाले, "नुसते खिळे मारू नकोस रे. खिळा हळूहळू ढिला होतो. कुसू घाल." कुसू म्हणजे लाकडाची जीभ. एका तुकड्याला खाच पाडायची, दुसऱ्याला त्याच मापाची जीभ ठेवायची आणि ती खाचेत घट्ट बसवायची. ही युक्ती फार जुनी आहे. विल्टशरमधलं स्टोनहेंज तुम्ही पाहिलं असेल. सुमारे 4500 वर्षांपूर्वी तिथल्या उभ्या दगडांच्या डोक्यावर असेच उंचवटे कोरले आणि वरच्या आडव्या दगडांना खालून खड्डे केले. सुताराची रीत दगडाला लावली!

हाताने खाच पाडायला पटाशी, हातोडा आणि पुष्कळ सराव लागतो. आता हे काम विजेची यंत्रंही करतात. मी तीन पर्याय ताडून पाहिले.

पहिला, बिस्किट जॉइंटर. हर्मान स्टायनर या स्विस सुताराने 1950च्या दशकात ही पद्धत काढली. यंत्रातलं छोटं गोल पातं फळीच्या कडेत चंद्रकोरीसारखी खाच पाडतं. त्या खाचेत बीच लाकडाची दाबून केलेली चपटी चकती बसते. तिला म्हणायचं बिस्किट. हे बिस्किट चहात बुडवायचं नाही! गोंदातल्या पाण्याने ते फुगतं आणि खाचेत घट्ट बसतं. गोंद सुकेपर्यंत फळ्या थोड्या पुढेमागे सरकवता येतात, हा मोठा फायदा. पण बिस्किट पातळ असतं. फळ्या एका पातळीत ठेवणं हे त्याचं मुख्य काम. पायाचा ताण त्याच्यावर टाकू नये.

दुसरा, डॉमिनो. हे फेस्टूल या जर्मन कंपनीचं यंत्र. त्याचं पातं ड्रिलसारखं फिरतं आणि त्याच वेळी डावीउजवीकडे हलतं. त्यामुळे लांबट, खोल खाच तयार होते. दोन्ही तुकड्यांना खाचा पाडायच्या आणि मध्ये लाकडाचं तयार कुसू घालायचं. बाबांचीच रीत, फक्त कुसू वेगळं. सांधा मजबूत होतो आणि वेळ वाचतो. पण यंत्राला शेकडो पौंड मोजावे लागतात.

तिसरा, साधं ड्रिल आणि डॉवेल. डॉवेल म्हणजे गोल लाकडी खुंटी. भोकं सरळ पडावीत म्हणून ड्रिलला वाट दाखवणारा एक साचा मिळतो. हा मार्ग स्वस्त आहे, सांधाही चांगला मजबूत होतो. पण समोरासमोरची भोकं एक मिलिमीटरने जरी चुकली, तरी तुकडे नीट बसत नाहीत.

मग मी काय केलं? चौरंगाचा वरचा भाग तीन फळ्यांचा होता. त्या जोडायला शेजाऱ्यांचा बिस्किट जॉइंटर मागून आणला. तिथे खरी पकड गोंदाचीच असते, बिस्किटांनी फळ्या समपातळीत ठेवल्या. पाय आणि आडव्या पट्ट्यांसाठी 8 मिलिमीटरचे डॉवेल घेतले. आठ सांधे, प्रत्येकी दोन डॉवेल, म्हणजे 32 भोकं! एकाच पायात दोन बाजूंनी डॉवेल येतात. ते आत एकमेकांना अडू नयेत म्हणून भोकं वरखाली ठेवली. रोज दहा टेबलं करायची असती, तर मी डॉमिनो घेतलं असतं. एका चौरंगाला डॉवेल पुरले.

एक गोष्ट मात्र तिन्ही यंत्रांना सारखी लागू आहे. लाकूड क्लॅम्पने पक्कं धरायचं, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण लावायचं, धूळ ओढणारा व्हॅक्युम जोडायचा, आणि प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. तुम्हाला करून बघायचं असेल, तर मोठ्या माणसाला सोबत घ्या.

म्हणून "सगळ्यात भारी यंत्र कोणतं?" असं कुणी विचारलं, तर मी उलट विचारतो, "सांध्याला काम काय करायचंय?" फळ्या सरळ ठेवायच्या आहेत, की कुणाचं तरी वजन पेलायचं आहे?

आज घरातलं एखादं लाकडी स्टूल उलटं करून बघा. खिळा, स्क्रू, डॉवेल की कुसू, काय सापडतं ते वहीत चार वाक्यांत लिहा. आणि त्या स्टुलावर रोज कोण बसतं, तेही लिहा.