हजार डॉलरचं घर आणि त्यापुढचं सगळं

डेट्रॉइट शहराची उत्तरेची हद्द म्हणजे एट माइल रोड. इथली बहुतेक मराठी मंडळी या रस्त्याच्या पलीकडे, ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत राहतात. मोटार कंपनीत नोकरी, मुलांना चांगली शाळा, महाराष्ट्र मंडळाचा गणपती. खुद्द डेट्रॉइटमध्ये जाणं होतं ते एखादा सामना किंवा कलासंग्रहालय बघायला. याच मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक फोटो फिरतो: विटांचं दुमजली घर, पुढे ऐसपैस ओसरी, किंमत एक हजार डॉलर. खाली कुणीतरी लिहितंच, की एवढ्यात पुण्यात पार्किंगसुद्धा मिळायचं नाही.

फोटो खोटा नसतो. हजार डॉलर ही बोली सुरू होण्याची रक्कम असते, एवढंच.

इतकी घरं लिलावात आली कुठून? १९५० साली या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत उरली ६,३९,१११. कारखाने शहराबाहेर गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, १९६७ च्या दंगलीनंतर तो ओघ आणखी वाढला. २००८ च्या सुमाराला गृहकर्जांचा डोलारा कोसळला आणि उरलेल्यांपैकीही अनेकांची घरं गेली. जुलै २०१३ मध्ये शहरानेच दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं होतं. माणसं गेली, पण घरं जागच्या जागी राहिली.

ही घरं विकणारे लिलाव दोन, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. पहिला वेन काउंटीच्या खजिनदाराचा. घरपट्टी तीन वर्षं थकली की घर जप्त होतं आणि लिलावात निघतं. पहिल्या फेरीत बोली थकबाकीपासून सुरू होते. तिथे गिऱ्हाईक मिळालं नाही, तर दुसऱ्या फेरीत अनेक वर्षं ती ५०० डॉलरपासून सुरू होत असे. घर आतून बघायला मिळत नाही. हाती पडतो तो ‘क्विटक्लेम’ दस्त: आमचा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला, पुढचं तुम्ही बघा. मालकी निर्वेध करायला वकील गाठून कोर्टात दावा लावावा लागतो. घरात कुणी राहत असेल, तर त्याला बाहेर काढण्याचं कामही नव्या मालकाच्याच गळ्यात.

ड्र्यू फिल्प या तरुणाने २००९ मध्ये याच लिलावात पोलटाउन भागातलं घर ५०० डॉलरला घेतलं. वय २३. घराला खिडक्या नव्हत्या, नळ नव्हता, वीज नव्हती. आत कचऱ्याचे ढीग. पुढची अनेक वर्षं तो ते घर स्वतःच्या हातांनी उभं करत राहिला. त्यावरचं त्याचं पुस्तक २०१७ मध्ये आलं आणि बरंच वाचलं गेलं.

दुसरा लिलाव डेट्रॉइट लँड बँकेचा. ही सार्वजनिक संस्था २००८ मध्ये स्थापन झाली. एकेकाळी तिच्याकडे घरं आणि मोकळे भूखंड मिळून लाखाच्या आसपास मिळकती होत्या. माइक डगन महापौर झाल्यावर २०१४ मध्ये तिने इंटरनेटवर लिलाव सुरू केला. बोली हजारापासून. पण इथे नुसते पैसे भरून सुटका नाही. साधारण सहा महिन्यांत घर दुरुस्त करून त्यात कुणीतरी राहायला आलं पाहिजे. काम किती झालं ते ठरावीक मुदतीने कळवायचं. नाहीतर संस्था घर परत घेऊ शकते. काउंटीची घरपट्टी थकवणाऱ्याला इथे उभं करत नाहीत. शहराच्या कर्मचाऱ्यांना मात्र निम्म्या किमतीची सवलत.

आता घराच्या आत. बहुतेक घरं १९१० ते १९५० च्या दरम्यानची. तळघरात उतरलं की पहिल्यांदा दिसतं ते जे नाही ते: तांब्याचे पाइप कापून नेलेले, गरम पाण्याची टाकी गायब, फर्नेसच्या जागी नुसता चौथरा. हे सगळं भंगारात गेलेलं. रेडिएटर शाबूत असला तरी हुरळून जायचं नाही. हिवाळ्यात आतलं पाणी गोठतं आणि ओतीव लोखंडाला तडे जातात. ते कळतं नवीन पाणी सोडल्यावर, छतातून धार लागली की. सांडपाण्याची वाहिनी जुन्या भाजलेल्या मातीची, तिच्यात अंगणातल्या झाडाची मुळं शिरलेली. भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर चढवलेला गिलावा, आणि १९७८ पूर्वीचं घर म्हणजे रंगात शिसं असणार हे धरूनच चालायचं. एखादा नशीबवान निघतो. त्याला चुलाण्याभोवती, काजळीखाली, पेवाबिक पॉटरीच्या हिरव्या-निळ्या झिलईच्या फरशा सापडतात. १९०३ मध्ये सुरू झालेला हा कारखाना ईस्ट जेफरसन रस्त्यावर आजही चालू आहे.

छप्पर, फर्नेस, वायरिंग, नळकाम धरलं की खर्च सहज पन्नास हजार डॉलरच्या पुढे जातो. आणि खरी मेख इथेच आहे. शेजारचं नीटनेटकं घर चाळीस हजारांना विकलं जात असेल, तर बँक तुमच्या घराची किंमतही तेवढीच धरते आणि त्याच हिशेबाने कर्ज देते. वरचा पैसा पदरचा. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार आतबट्ट्याचाच दिसतो. म्हणूनच डेट्रॉइटमध्ये अनेक वर्षं घरं रोखीने विकत घेतली जात होती.

घर कुणाकडून गेलं, हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत येत नाही. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार करासाठी घराची किंमत बाजारभावाच्या निम्म्यापेक्षा जास्त धरता येत नाही. भाव कोसळले तरी डेट्रॉइटने आकारणी वेळेवर उतरवली नाही. २०१० ते २०१६ या काळात घरमालकांवर मिळून किमान ६० कोटी डॉलरची जादा आकारणी झाली, असं ‘डेट्रॉइट न्यूज’ने २०२० मध्ये दाखवून दिलं. म्हणजे लिलावात आलेली कितीतरी घरं अशा घरपट्टीपायी गेली, जी तेवढी लागायलाच नको होती. लँड बँकेने पुढे अशा घरांत राहत असलेल्यांसाठी ‘बायबॅक’ योजना आणली: अटी पूर्ण केल्या तर तेच घर हजार डॉलरला त्यांच्या नावावर.

चांगलं काय झालं ते बघायचं, तर हॅमट्रॅमक या शेजारच्या शहराच्या वेशीवर बांगलाटाउनमध्ये जावं. पडीक घरांच्या या भागात बांगलादेशी कुटुंबांनी घरं घेतली, भाऊबंद मिळून दुरुस्त केली आणि भाड्याने न देता स्वतः राहायला आली. लँड बँक घरालगतचा मोकळा तुकडा शेजाऱ्याला १०० डॉलरला देते. उन्हाळ्यात इथे अशा मोकळ्या जागांत मांडव दिसतात आणि त्यांवरून दुधी लोंबत असतात. रिकामं घर आणि राहतं घर यांतला फरक गल्लीच्या टोकावरूनही कळतो.

२०२३ मध्ये शहराची लोकसंख्या किंचित वाढल्याचा अंदाज जनगणना विभागाने दिला. १९५७ नंतर पहिल्यांदाच. घरांच्या किमतीही चढल्या आहेत, हजाराची बोली हजारावर थांबण्याचे दिवस सरले. तरी कुणाला उतरायचंच असेल, तर लँड बँकेच्या दारातून उतरावं. राहायची आणि दुरुस्तीची अट जाचक वाटते, पण घर सट्टेबाजाच्या हाती पडून पुन्हा ओस पडू नये, म्हणूनच ती आहे. बोली लावण्याआधी दुरुस्तीचे पैसे रोख बाजूला काढावेत, प्लंबरला घेऊन तळघरात उतरावं आणि मिळकतीच्या मालकीचा शोध वकिलाकडून घ्यावा. पुण्यात बसून फोटोवर घर घ्यायचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा.